‘मोबी करा, पीडीएफ टाका, झालं’? नाही होत!

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या वाचकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय: “किंडल ईपब घेत नाही, सगळी पुस्तकं मोबी करून ठेवा. मराठी पीडीएफ कुठल्याही रीडरवर चालते. नाहीच चालली तर कॅलिबरमध्ये एका क्लिकवर बदला.” (किंडल हा ॲमेझॉनचा ई-पुस्तकं वाचायचा रीडर; ईपब आणि मोबी हे ई-पुस्तकांच्या फायलींचे प्रकार; कॅलिबर हा एका प्रकारातून दुसऱ्यात बदलणारा कॉम्प्युटर प्रोग्राम.) पहिल्या वाक्यात अर्धं खरं आहे. बाकीच्यात तेवढंही नाही.

ईपब यूएसबीने किंडलमध्ये कॉपी केली तर ती यादीत दिसत नाही, एवढं बरोबर. पण 2022 पासून ‘सेंड टू किंडल’ ही ॲमेझॉनची फाइल पाठवायची सेवा ईपब घेते: वेबसाइटवरून 200 एमबीपर्यंत, ईमेलने 50 एमबीपर्यंत. ईमेलने पाठवायचं तर आपला पत्ता आधी ॲमेझॉनच्या खात्यातल्या मंजूर यादीत घालावा लागतो. तो नसेल तर फाइल पोचत नाही. आणि ही सेवा आता ज्या प्रकाराला नाही म्हणते तो नेमका मोबी! जुन्या मोबीत फॉन्टही आत भरता येत नाही. यूएसबीच वापरायची तर एझेडडब्ल्यू3 या किंडलच्याच दुसऱ्या प्रकारात फाइल करा. कोबो या दुसऱ्या कंपनीच्या रीडरला ईपब थेट चालते, तिथे हा प्रश्नच नाही.

‘पीडीएफ कुठेही चालते’ म्हणजे उघडते. वाचता येते का? 6 इंची पडदा जेमतेम 9 सेंटिमीटर रुंद असतो आणि ए4 पान 21 सेंटिमीटर. अख्खं पान बसवलं की 12 पॉइंटचं अक्षर 5 पॉइंटचं होतं. अनुस्वार आणि रफार दिसेनासे होतात. कर्नाटकातल्या मराठी माध्यमाच्या पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ तर रंगीत चित्रांच्या, काळ्या-पांढऱ्या पडद्यावर त्यांची रयाच जाते. पडदा आडवा केला तर अक्षर 7 पॉइंटच्या आसपास जातं, समास कापले तर आणखी थोडं मोठं होतं. पीडीएफच वाचायच्या असतील तर 10 इंची उपकरण किंवा सरळ टॅब्लेट घ्या.

आता तो ‘एक क्लिक’. खरी गोम इथे आहे, कारण फाइलच्या नावापुढची ‘पीडीएफ’ ही अक्षरं आत काय आहे ते सांगत नाहीत. कॉम्प्युटरवर पीडीएफ उघडा, एक ओळ निवडा, नोटपॅडमध्ये चिकटवा. ओळ निवडलीच जात नसेल तर ते स्कॅन आहे, म्हणजे नुसते फोटो. आधी ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं, लागेल: 300 डीपीआयचं (इंचाला 300 ठिपक्यांचं) स्कॅन आणि टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रामचा मराठी डेटा. मजकुरात कन्नडही असेल तर दोन्ही भाषा एकदम निवडा, नाहीतर कन्नड ओळींच्या जागी भलतीच देवनागरी उमटते.

नोटपॅडमध्ये रोमन अक्षरं नि चिन्हांचा कचरा आला तर पुस्तक श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या जुन्या फॉन्टात जुळवलेलं आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूरसारख्या गावांतल्या साहित्य संमेलनांची जुनी स्मरणिका हाती आली तर ही शक्यता आधी तपासा. असल्या फायलीवर कॅलिबर चालवलं तर कचऱ्याचीच ईपब मिळते. पीडीएफच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये फॉन्टचं नाव पाहा आणि त्याच फॉन्टाचा मजकूर युनिकोडात, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतांत, बदलणारा परिवर्तक वापरा. दुसऱ्याचा लावला तर जोडाक्षरं चुकतात आणि शोधून शोधून दुरुस्त करावी लागतात.

नीट मराठी आली तरी निर्धास्त होऊ नका. ऱ्हस्व इकाराची वेलांटी कागदावर अक्षराआधी दिसते, युनिकोडात मात्र अक्षरानंतर साठवतात. पीडीएफमधून मजकूर काढताना हा क्रम कधीकधी उलटतो. शिवाय पानावरचं शीर्षक आणि पृष्ठांक परिच्छेदाच्या मधोमध घुसतात. मूळ वर्ड फाइल मिळण्यासारखी असेल तर छापणाऱ्याकडून तीच मागा, दोन दिवसांची हमाली वाचेल.

रूपांतर करताना कॅलिबरच्या मेटाडेटात (पुस्तकाच्या माहितीत) भाषा ‘मराठी’ ठेवा; काही फॉन्ट त्यावरूनच ‘ल’ आणि ‘श’चं मराठी वळण निवडतात. मजकुरात कन्नड असेल तर कन्नड फॉन्टही फाइलमध्ये भरा, नाहीतर त्या अक्षरांच्या जागी चौकोन दिसू शकतात.

उपकरण विकत घेण्याआधी एकच ओळ असलेली ईपब बनवून त्यावर उघडा: “ऱ्हास, दऱ्या, क्षत्रिय, ज्ञानेश्वर, श्रद्धा, ॲप, ऑफिस, बाळ”. ‘ॲ’ युनिकोडात 2008 मध्ये आला, त्याआधीच्या फॉन्टांत तो नसतोच. ‘दऱ्या’ची ‘दर्या’ झाली किंवा पाय मोडलेला ‘र’ सुटा पडला, तर दुसरा फॉन्ट उपकरणातल्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये टाकून पुन्हा पाहा. तरीही तसंच दिसलं तर ते उपकरण घेऊ नका.