खोक्यावरचे दहा किलो घाला चुलीत

दहा किलो. दहा किलो म्हणे! बाजारातला कुठलाही लाईट स्टँड, म्हणजे फोटोचा लाईट उंच धरणारी तीन पायांची दांडी, उचला, खोक्यावर ठळक अक्षरांत 'हेवी ड्यूटी' आणि खाली 'लोड १० किलो'. बाराशेचा असो नाहीतर पाच हजारांचा, हे दोन शब्द फुकट मिळतात. अरे, पण कुठे दहा किलो? बंद खोलीत, सपाट फरशीवर, पंखा बंद, आणि वजन बरोब्बर मधोमध खाली दाबत असेल तर. मला वांद्र्याला बँडस्टँडवर संध्याकाळी पाचला फोटो काढायचे असतात. तिथे वजन स्टँडला नुसतं खाली दाबत नाही, वारा त्याला आडवा ढकलतो. त्या आडव्या ढकलण्याबद्दल खोक्यावर अवाक्षर नाही.

फोर्टात बोरा बाजारात जा, ऑनलाइन शोधा, कुठेही विचारा की बाहेर वाऱ्यात कितपत उभा राहील. उत्तर ठरलेलं. "सर, एअर कुशन है, आँख बंद करके ले जाओ." एअर कुशन! या दोन शब्दांनी माझं डोकं जितकं फिरतं तितकं कशानेच फिरत नाही. एअर कुशन म्हणजे काय, तर नॉब सैल केला आणि हात निसटला, की वरची नळी धाडकन खाली न येता हवेच्या दाबावर हळूहळू उतरते. बस्स. लाईट आपटत नाही, बोटं चिरडत नाहीत. चांगली सोय आहे, पाहिजेच. पण आडवा पडणाऱ्या स्टँडशी तिचा काडीचा संबंध नाही. स्टँड आपला एअर कुशनसकट तोंडावर पडतो. विकणाऱ्याला हे माहीत नसतं असं नाही. त्याला वाटतं, घेणाऱ्याला माहीत नसणार.

आता मुंबईचा वारा. सकाळी लवकर हवा बरीचशी पडलेली असते. दुपारी जमीन तापली की समुद्रावरून, पश्चिम-वायव्येकडून वारा सुरू होतो आणि संध्याकाळपर्यंत वाहतो. आणि प्री-वेडिंगवाल्यांना नेमकी संध्याकाळच हवी! जोडपं समुद्राकडे पाठ करून उभं, मागे मावळता सूर्य, केसांच्या कडा सोनेरी. छान. मग चेहऱ्यावरचा लाईट कुठे येणार? कॅमेऱ्याच्या बाजूला, तोंड समुद्राकडे करून. म्हणजे १२० सेंमीचा ऑक्टा, लाईट मऊ करायला पुढे लावायचा तो आठ कोनी कापडी सॉफ्टबॉक्स, वाऱ्यापुढे आ वासून उभा. वर्सोव्याच्या होडीला शीड बांधावं तसंच ते, फक्त खाली होडीऐवजी दीड किलोची ॲल्युमिनियमची काडी.

हिशेब अवघड नाही. एवढ्या ऑक्टाचं क्षेत्रफळ साधारण एक चौरस मीटर भरतं. ताशी १८ किमीचा वारा, म्हणजे आपल्याला 'मस्त हवा सुटलीय' वाटतं तेवढा, त्यावर सुमारे दोन किलोचा रेटा देतो. वारा दुप्पट झाला की रेटा चौपट, सात-आठ किलो. हा रेटा जमिनीपासून सात फुटांवर लागतो आणि त्याला थोपवायला खाली असतो पायांचा पसारा. तीन पाय मधल्या नळीपासून ४५ सेंमी लांब पसरले, तर स्टँड ज्या रेषेवरून उलटतो, म्हणजे दोन पायांची टोकं जोडणारी रेषा, ती नळीपासून फक्त बावीस-तेवीस सेंमीवर येते. वर सात फूट, खाली एक वीत. इथे ते 'दहा किलो' काय कामाचे, सांगा!

खोक्यावर छापायचंच असेल तर हे छापा ना: पाय पूर्ण पसरल्यावर किती सेंमी जागा धरतात, सगळ्यात वरची नळी किती मिमीची आहे, स्टँडचं स्वतःचं वजन किती. हे तीन आकडे कळले की शहाणा माणूस बाकीचं ताडतो. पण वजन सांगताना तर अभिमान असा की विचारू नका: 'फक्त ९०० ग्रॅम!' अरे बाबा, उघड्यावर उभ्या करायच्या वस्तूचा हलकेपणा कसला मिरवतोस?

बरं, हलक्याचा मोह का पडतो तेही मला समजतं. शूट दक्षिण मुंबईत, घर डोंबिवली-विरारकडे, आणि संध्याकाळच्या लोकलमध्ये पाठीवर कॅमेरा, एका हातात लाईटची बॅग, दुसऱ्या हातात चार फुटांचा स्टँड. "ओ भाऊ, ते दांडकं जरा आडवं धरा" हे ऐकलं नाही असा फोटोग्राफर शहरात नसेल. मग एखादा शहाणा सुचवतो, सी-स्टँड घ्या, सिनेमावाले तेच वापरतात. वापरतात की! त्यांच्याकडे टेम्पो असतो आणि स्टँड धरायला वेगळा माणूस असतो. सी-स्टँड स्टीलचा, चांगला जड, एकदा उभा केला की स्टुडिओत राजा. पण त्याचे पाय मुळात फार पसरत नाहीत, गर्दीच्या सेटवर बाजूबाजूला लावता यावेत अशी त्याची घडण. नुसता जड म्हणून समुद्रकिनारी तो एकटा तग धरेल या भ्रमात राहू नका. त्यालाही वाळूची पिशवी लागतेच, आणि तीही सगळ्यात उंच पायावर.

नॉबचं तर बोलूच नका. चकचकीत काळा स्टँड, आणि नळी आवळायला प्लास्टिकची कॉलर. खारी हवा लागली की आतला स्क्रू गंजतो. वाळू शिरली की नळी करकरायला लागते. मग आपण जोर लावतो आणि कॉलरला बारीकशी चीर जाते. चीर गेली की त्या नळीने कायमची मान टाकली. सुटा नॉब मागा, "सर, पार्ट नहीं आता, नया ले लो." वरची नळी इतकी बारीक की शेवटचा टप्पा ताणून वर केला की लाईट वाऱ्याशिवायच डुलतो. म्हणून मी सात फूट हवे असतील तर नऊ फुटी घ्या म्हणतो. वरचा टप्पा उघडायचाच नाही. पण नऊ फुटी स्टँड दुमडल्यावरही लांबच राहतो, म्हणजे परत लोकलचं रडगाणं.

आणि सँडबॅग! दुकानात सँडबॅग म्हणून जे विकतात ती रिकामी पिशवी असते. वाळू तुमची तुम्ही बघा. चौपाटीची भरलीत तर ओली, खारट, चेन गंजवणारी. मग रीडेव्हलपमेंटच्या ढिगाशेजारी उभं राहून वॉचमनची मनधरणी करा. एवढं करून लोक ती पिशवी लटकवतात कुठे? मधल्या नळीला, हुकवर, हवेत झोके घेत! सगळीकडे फोटोत असंच दाखवतात ना. वरचाच हिशेब पुढे न्या. तो दोन किलोचा रेटा थोपवायला स्टँड आणि लाईटचं स्वतःचं वजन धरूनही मधोमध आणखी सुमारे चौदा किलो लागतात. तेच वजन वारा येतो त्या बाजूच्या पायाच्या टोकावर ठेवलं तर पाचेक किलोंत भागतं. एक पाय वाऱ्याकडे, पिशवी त्या पायावर, संपलं. एवढी साधी गोष्ट कुठल्याही खोक्यातल्या कागदावर का नसावी? कागद असतो, त्यावर सहा भाषांत 'मुलांपासून दूर ठेवा' असतं.

मुलं म्हटल्यावर आठवलं, शिवाजी पार्कच्या कट्ट्याजवळ काय, कार्टर रोडला काय, लाईट लावला की पोरं खालून पळणारच, आजोबा पायात काठी अडकवणारच. तिथे स्टँड पडला तर माझा पन्नास हजारांचा लाईट फुटेल ते सोडा, कुणाच्या डोक्यात बसला तर? तेव्हा तो "बिनधास्त घ्या" वाला येणार आहे का दवाखान्यात?

क्लायंटचं आणखी वेगळं. "असिस्टंट कशाला दोन-दोन? स्टँड आहे ना!" असिस्टंटचे पैसे कापायचे, आणि वर ऑक्टा मोठाच हवा, कारण रीलमध्ये कुणाचा तरी मोठा दिसला होता. १२०च्या जागी ६०चा लावला तर वाऱ्याला चौथा हिस्सा जागा मिळते. लाईट निम्म्या अंतरावर आणला की चेहऱ्यावर मऊपणा बऱ्यापैकी तोच राहतो. पण नाही. छोटा बॉक्स बघितला की नवऱ्या मुलाचा चेहरा उतरतो, पॅकेजात काहीतरी मारलं असं त्याला वाटतं.

आता मी दुकानात माझाच सॉफ्टबॉक्स घेऊन जातो. स्टँड उघडायला लावतो, पाय पसरतो, टेप लावून मोजतो, वरचा टप्पा सोडून बाकी सगळे वर करतो आणि टोकाला धरून आडवा ओढतो. काउंटरमागचा माणूस अस्वस्थ होतो. "सर, ऐसे मत खींचो, टूट जाएगा." टूट जाएगा? मग खोक्यावरचं 'हेवी ड्यूटी' आधी खोडा, आणि मागचा जड दाखवा.