व्हिकरबाईंचं ‘फुकटचं’ घर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

इंग्लंडमधल्या हेरफर्डशर परगण्यातल्या आमच्या व्हिकरबाईंच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या पाद्रीणबाईंच्या, दिनक्रमावर मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं असं: बाई अर्धनिवृत्त, पेन्शन सुरू, वर फुकटचं घर आणि काम रविवारची एक उपासना. याचं एवढं कौतुक कशाला? शिवाय इंग्रजांच्या चर्चची जाहिरात मराठी ब्लॉगवर का?

आधी घराचं बघू. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये (इंग्लंडच्या अधिकृत, म्हणजेच अँग्लिकन चर्चमध्ये) अशा नेमणुकीला ‘हाउस फॉर ड्यूटी’ म्हणतात. साधारणपणे रविवार आणि आठवड्याचे आणखी दोन दिवस काम करायचं. बदल्यात घर मिळतं, पगार मिळत नाही. काम सुटलं की घरही सुटतं. पाद्र्यांची उमेदीची वर्षं बहुधा चर्चच्याच घरात जातात, त्यामुळे निवृत्तीच्या वेळी अनेकांकडे स्वतःचं छप्पर नसतं. चर्चच्या पेन्शन मंडळाला निवृत्त पाद्र्यांसाठी भाड्याची घरं ठेवावी लागतात ती यामुळेच. याला तुम्ही फुकट म्हणणार असाल तर आपली गणितं वेगळी आहेत.

आता ती ‘एक उपासना’. रविवारी सकाळी आठला एका गावात प्रभुभोजन (भाकरी आणि द्राक्षारसाचा विधी), तेही 1662 च्या प्रार्थनापुस्तकातून. (शाहिस्तेखान लाल महालात ठाण मांडून होता, तेव्हाचं पुस्तक!) गाणी नाहीत, हीटर जेमतेम, समोर पाच-सात म्हातारी माणसं. ते आटोपलं की गाडी काढून दुसऱ्या गावात, तिथे ऑर्गन आणि उपदेशासकट सगळं पुन्हा. खेड्यांत एकेका व्हिकरकडे चार-सहा चर्चेस असतात, आणि देवळात माणसं येवोत न येवोत, छप्पर गळतच असतं. आमच्या एका चर्चमध्ये वटवाघळं आहेत. कायद्याने त्यांना हुसकता येत नाही, म्हणून वेदीवर प्लास्टिक अंथरतात आणि उपासनेआधी कुणीतरी झाडू मारतं. पुष्कळदा ते ‘कुणीतरी’ म्हणजे बाईच.

खरा वेळ मात्र अंत्यविधींत जातो. चर्चचं तोंड कधी न पाहिलेली माणसंही आई गेली की व्हिकरला बोलावतात, आणि पॅरिशमधल्या (व्हिकरच्या हद्दीतल्या) रहिवाशाला नाही म्हणायची इथे पद्धत नाही. बाई आधी त्या घरी जाऊन बसतात. गेलेल्या आईला काय आवडायचं, मुलं आपसांत बोलतात की नाही, कोणतं नाव घ्यायचं नाही, हे सगळं चहा पितापिता काढून घेतात. क्रिमेटोरियममध्ये वेळ मिळतो अर्धा-पाऊण तास. त्यासाठी अख्खी दुपार आणि रात्रीचं लिखाण. विधीची फी ठरलेली असते आणि ती चर्चच्या निधीत जमा होते.

‘निवृत्त झाल्या ना, मग बसावं घरी,’ असंही तुम्ही लिहिलंय. या चर्चमध्ये स्त्रियांना 1987 पासून डीकन (पाद्रीपदाची पहिली पायरी) होता आलं, पण प्रीस्ट (पूर्ण पाद्री) व्हायला 1994 उजाडलं. बाई त्या पहिल्या तुकडीतल्या. तोवर त्यांना उपदेश करायची, बाप्तिस्मा द्यायची मुभा होती, प्रभुभोजनाचा विधी चालवायची नव्हती. इतकी वर्षं दाराशी थांबवलेल्या माणसाला ‘आता पुरे’ कोणी सांगायचं?

तुमच्या रागात एक गोष्ट मात्र मला पटते. या व्यवस्थेत कुणाची तरी चैन चाललीय, हा तुमचा संशय बरोबर आहे. ती चर्चची. पगारी व्हिकर परवडत नाही म्हणून सत्तरीतल्या माणसांवर गावंच्या गावं चालवायची आणि त्याला सेवा म्हणायचं, हे मला सोयीस्कर वाटतं. बाईंना मी हे सांगितलं आहे. त्या हसतात आणि विषय बदलतात.

जाहिरातीबद्दल थोडंच. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये वाँटेजला, अँग्लिकन जोगिणींच्या मठाच्या छायेत झाला. आणि त्यानंतर त्याच जोगिणींशी, बिशपांच्या अधिकारापासून त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या) सिद्धान्तापर्यंत, रमाबाईंनी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. अँग्लिकन चर्चवर मराठी माणसाने जरूर टीका करावी, पण ती अशी वाचून-तपासून.

बाईंनंतर कोण, हा तुमचा शेवटचा प्रश्न. जागेची जाहिरात निघेल, कदाचित अर्ज येणार नाहीत. तोपर्यंत चर्चचे वॉर्डन (चर्चचा कारभार पाहणारे गावकरी) आजूबाजूच्या निवृत्त पाद्र्यांना फोन लावत बसतील: येत्या रविवारी आठची उपासना घ्याल का?