नियम डोक्यासाठी असतो

माझ्या डोक्यावर केस नाहीत. हे मला माहीत आहे, घरच्यांना माहीत आहे, आमच्या कटिंगवाल्याने तर ओळख द्यायचंच सोडलंय. तरीही परवा पोहण्याच्या टँकवर मला चारचौघांत अडवलं, ते टोपी नाही म्हणून.

टँक हा आमच्या घरातला तहाचा मुद्दा. सुट्टीत सगळ्यांनी मिळून काहीतरी मजेचं करायचं, असं बायकोने काढलं आणि जेवणाच्या टेबलावर पानिपत झालं. पोरीला वॉटरपार्क. आईला केळकर संग्रहालय, तिथले दिवे आणि अडकित्ते तिला तोंडपाठ आहेत, तरी "ज्या माणसाने जन्मभर जमवलेलं १९७५ साली सरकारला देऊन टाकलं, त्याच्याकडे जायला तुम्हाला वेळ नाही?" असं ती मलाच सुनावते. बाबा पर्वतीवर अडून, कारण १०३ पायऱ्या चढायला तिकीट नाही. मी भर मे महिन्यात सिंहगडाचं नाव काढलं, तेव्हा मात्र सगळ्यांचं एकमत झालं, माझ्याविरुद्ध. कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद, आणि मला सुट्टी असते ती बुधवारीच. राहिला टँक. फॅमिली बॅच, दुपारची.

डॉक्टरचं सर्टिफिकेट, फोटो, नायलॉनचा कॉश्च्युम, सगळं पार पडलं. बाकीचे पाण्यात उतरलेसुद्धा. मी शॉवरखालून बाहेर आलो आणि शिडीशी एक काका आडवे आले.

"टोपी?"

"काका, केसच नाहीत."

"ते दिसतंय. टोपी कुठाय?"

"टोपी केस पाण्यात पडू नयेत म्हणून असते ना?"

"असं पाटीवर लिहिलंय का?" काकांनी ओल्या बोटाने पाटी दाखवली. "'टोपी अनिवार्य'. कारण दिलेलं नाही. नियम केसांसाठी नसतो, डोक्यासाठी असतो. डोकं आहे ना?"

हे काका तिथले कोण? कोणी नाही. मासिक पासवाले. पण लाइफगार्डचं पोरगं त्यांच्याकडे बघूनच शिट्टी वाजवत होतं. मी त्याच्याकडे दाद मागितली, तर तो म्हणाला, "काका सांगतायत तसं करा."

आता काकांकडे नीट बघा. डोक्यावर घट्ट निळी टोपी, भुवईपर्यंत ओढलेली. टोपीच्या कडेखालून दोन्ही कानांतून बाहेर आलेले पांढरे केसांचे झुबके, दाट आणि बहुधा विंचरलेले. छातीवर जंगल. ते खांद्यावरून मागे जाऊन पाठीवरही चांगलं माजलेलं. मिश्या वेगळ्याच. हा ऐवज घेऊन माणूस रोज फिल्टरच्या पाण्यात डुंबतो, आणि अडवतो कोणाला, तर मला! हे सगळं जिभेवर आलं होतं. पण पोरगी बघत होती.

आमचे बाबा गावच्या विहिरीत पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकले. भोपळ्याला कोणी सर्टिफिकेट विचारलं नाही. आमच्या शहरात दोन नद्या आहेत, त्यांचा संगमही आहे, आणि पुलावरून जाताना आपण गाडीच्या काचा वर करतो. खडकवासल्याला पाण्यात उतरू नका म्हणतात, ते बरोबरच आहे, तिथे माणसं बुडतात. मग उरतं काय? पंचेचाळीस मिनिटांचं क्लोरीनचं पाणी, तेही या काकांच्या परवानगीने. पैसे भरून. चिडचिड होते हो.

शेवटी काउंटरवरच्या मुलाने ड्रॉवर उपसून एक टोपी काढली. लहान मुलांची. गुलाबी, वर माशाचे दोन डोळे, मागे शेपूट. "एवढीच शिल्लक आहे." पैसे घेतलेच. ती डोक्यावर चढवताना कपाळाचं कातडं भुवयांसकट वर गेलं. आईने पलीकडच्या काठावर चेहरा फिरवला. बायको अनोळखी बाईशी बोलायला लागली. पोरगी मात्र हसता हसता पाणी प्यायली आणि तिला ठसका लागला.

"आता कसं!" काका म्हणाले आणि शिडी मोकळी केली.

बॅच संपायला फार वेळ उरला नव्हता. मी नाक धरून डुबकी मारली, वर आलो, डोळे उघडले. समोर पाण्यावर एक केस तरंगत होता. लांब, पांढरा, थोडा कुरळा.