पाणी गेल्यावर घरी थांबवते ती डूला नव्हे

धाकटी बहीण आठव्या महिन्यात आहे. परवा रात्री तिने एक मेसेज पुढे पाठवला. "ताई, हे खरं का गं? सासूबाईंच्या भिशीच्या ग्रुपवर आलंय." नाव 'सिझरपासून सुटका'. डूला, म्हणजे बाळंतपणात आईला आधार द्यायला पैसे देऊन ठेवलेली सोबतीण, असली की सिझर होतच नाही. पाणी गेलं तरी दवाखान्यात पळू नका, डूला आतून तपासून सांगेल तेव्हाच निघा. आपल्या आज्या घरीच बाळंत झाल्या. डूला असली की नवऱ्याचं तिथे काम नाही. माझ्या बाळंतपणात डूला होती, म्हणून संताप जरा जास्तच आला.

आधी पाण्याचं. डूला आतून तपासत नाही, तो तिचा अधिकारच नाही. ती रक्तदाब बघत नाही, बाळाचे ठोके ऐकत नाही, औषध देत नाही. कळ आली की कंबर दाबून देणं, श्वासाची आठवण करणं, कुशीवर वळवणं, चार पावलं चालवणं, डॉक्टर काय म्हणाले ते सोपं करून सांगणं, हे तिचं काम. पाणी गेल्यावर घरी कुणी आत हात घातला तर जंतुसंसर्गाची भीती वाढते. पाणी हिरवट असेल तर बाळाने पोटातच शी केलेली असू शकते. क्वचित नाळ बाळाच्या आधी खाली सरकते आणि दाबली जाते, तेव्हा एकेक मिनिट मोलाचं असतं. हे घरी बसून कोण ओळखणार? पाणी गेलं, रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली, की दवाखान्याला फोन करायचा आणि निघायचं. डूलाला फोन गाडीत बसल्यावर. माझ्या डूलाने हे सातव्या महिन्यातच कागदावर लिहून फ्रिजवर लावायला दिलं होतं.

सिझरच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करते. कॉक्रेन ही संस्था अनेक अभ्यास एकत्र तपासते; तिच्या 2017 च्या आढाव्यात 17 देशांतल्या 15 हजारांहून अधिक बायकांची माहिती आहे. कळा सुरू असताना सतत कुणी सोबत होतं, त्यांच्यात सिझरचं प्रमाण साधारण पाव हिश्श्याने कमी दिसलं. पण कमी झालं म्हणजे टळलं असं नाही. वार (प्लॅसेंटा) गर्भाशयाच्या तोंडावर असेल, बाळ आडवं असेल, तर डूला काय करणार? माझंही सिझरच झालं. बाळाचे ठोके उतरले, डॉक्टरांनी निर्णय सांगितला. डूलाने वाद घातला नाही. थिएटरच्या दारापर्यंत माझा हात धरून आली, आणि दुसऱ्या दिवशी टाक्यांवर भार न येता बाळाला पाजायला कसं घ्यायचं ते दाखवलं.

नवऱ्याचं काय? त्याच आढाव्यातली सोबत म्हणजे फक्त डूला नव्हे. काही ठिकाणी नर्स होत्या, काही ठिकाणी घरचीच माणसं. आपल्याकडेही केंद्र सरकारने 2016 मध्ये सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीसोबत जवळच्या माणसाला थांबू द्यायला परवानगी दिली. डूला परवडली नाही म्हणून कुणी खंतावू नये.

आणि आज्या. माझ्या आजीची नऊ बाळंतपणं घरी झाली. मुलं जगली पाच.

एक मात्र खरं, डूलांची आपल्याकडे डॉक्टर-नर्ससारखी सरकारी नोंदणी नाही. कुणीही पाटी लावू शकतं. म्हणून बहिणीला सांगितलंय, ठेवण्याआधी एकच विचार, "पाणी गेलं तर काय करायचं?" "आधी मला बोलवा" असं उत्तर आलं, तर तिला ठेवू नकोस.