‘डंप पाठ करा, पंधरा दिवसांत सीसीएनए’: त्या मेसेजला उत्तर

ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोली भागातल्या नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला. चौथा माझा मावसभाऊ, ‘ताई, हे खरं आहे का गं?’ असं विचारणारा. मेसेज थोडक्यात असा: सीसीएनएला (सिस्को या कंपनीच्या नेटवर्किंगच्या परीक्षेला) पुस्तक लागत नाही, डंप पाठ करा, प्रश्न तेच येतात. पुस्तक हवंच असेल तर सीनियरचं जुनं घ्या, नेटवर्किंग काही बदलत नाही. नवंच घ्यायचं तर सगळ्यात जाड घ्या. लॅबमध्ये वेळ घालवू नका, परीक्षा पर्याय निवडायची असते. पंधरा दिवस पुष्कळ झाले.

मी महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये नेटवर्क सांभाळते. बरीच वर्षं रात्रपाळी केली, आता नव्या मुलांच्या मुलाखतीही घेते. भावाला फोनवर जे सांगितलं तेच इथे नीट लिहिते आहे.

हा मेसेज मुलांना का पटतो ते मला कळतं. परीक्षेची फी 300 डॉलर, म्हणजे कर धरून पंचवीस हजारांच्या वर. नापास झालात तर पाच दिवस थांबायचं आणि तेवढेच पैसे पुन्हा भरायचे. दिघ्यात किंवा कळव्यात एवढ्या पैशांत महिना काढणारी घरं आहेत. तिथला मुलगा खात्रीचा रस्ता शोधणारच. म्हणूनच त्याला चुकीचा रस्ता दाखवणाऱ्याचा मला राग येतो.

‘प्रश्न तेच येतात.’ डंप म्हणजे परीक्षा देऊन आलेल्यांनी आठवून, किंवा चोरून, बाहेर आणलेले प्रश्न. परीक्षेला बसताना प्रश्न बाहेर सांगणार नाही असा करार तुम्ही मान्य करता. तो मोडल्याचं उघड झालं तर सिस्को निकाल रद्द करू शकते, सर्टिफिकेट काढून घेऊ शकते, पुढच्या परीक्षांना बंदी घालू शकते. पंचवीस हजार वाचवायला निघालेल्या मुलाला हा धोका मेसेजमध्ये कुणी सांगितलेला नाही. शिवाय या पीडीएफमधली उत्तरं तपासतं कोण? मुलं मला दाखवतात त्यांत एकाच प्रश्नाला दोन ठिकाणी दोन उत्तरं मी पाहिली आहेत.

पण समजा सगळी उत्तरं बरोबर आहेत. तरी काय होतं ते एका उदाहरणाने सांगते. राउटरकडे, म्हणजे डेटाच्या पॅकेटला पुढचा रस्ता दाखवणाऱ्या यंत्राकडे, दोन रस्ते आहेत: 10.10.4.0/24 हा स्टॅटिक, म्हणजे हाताने लिहिलेला रूट आणि 10.10.4.64/27 हा ओएसपीएफने, म्हणजे राउटर एकमेकांना रस्ते सांगतात त्या पद्धतीने शिकलेला. (तिरक्या रेघेनंतरचा आकडा पत्त्याचा किती भाग जुळायला हवा ते सांगतो.) पॅकेट 10.10.4.70 कडे जायचं आहे. कुठून जाईल? पाठांतर केलेला मुलगा पटकन म्हणतो, स्टॅटिक, कारण त्याचं अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (रूटवर किती भरवसा ठेवायचा त्याचा आकडा, कमी तो चांगला) 1 आणि ओएसपीएफचं 110. चूक. राउटर आधी बघतो की पत्त्याशी जास्त लांबपर्यंत कोणता रूट जुळतो. /27 मध्ये 64 ते 95 येतात, 70 त्यात बसतो, म्हणून पॅकेट ओएसपीएफच्या रस्त्याने जातं. डिस्टन्सची तुलना दोन्ही रूट एकाच नेटवर्कचे, एकाच मास्कचे (रेघेनंतरचा आकडा सारखा) असतील तेव्हा होते. आता 70 च्या जागी 100 लिहा. तो /27 च्या बाहेर गेला, उत्तर स्टॅटिक. एक आकडा बदलला आणि पाठ केलेलं उत्तर निरुपयोगी झालं. हा प्रश्न मी मुलाखतीत विचारते, आणि समोरचा पुस्तकातून शिकलाय की डंपमधून, हे दोन मिनिटांत कळतं.

‘लॅबमध्ये वेळ घालवू नका.’ हा मुद्दा मेसेजमध्ये खाली आहे, पण माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान हाच करतो. मुळात तो खोटा आहे, कारण परीक्षेत पर्यायांखेरीज जोड्या लावायचे आणि कमांड टाकून सोडवायचे प्रश्नही असतात. एकदा पुढे गेलात की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही. ज्याने कमांड कधी हाताने टाईप केलेली नाही त्याची 120 मिनिटं तिथेच संपतात.

आणि परीक्षेनंतरचं काय? आमच्याकडे एका रात्री ताज्या सर्टिफिकेटवर लागलेल्या मुलाला दोन स्विचमधल्या ट्रंकवर व्हीलॅन 30 वाढवायला सांगितलं होतं. (व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर केलेली वेगवेगळी नेटवर्कं, ट्रंक म्हणजे ती सगळी वाहून नेणारी एक जोडणी.) त्याने ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन 30’ अशी कमांड दिली. व्हीलॅन आणि 30 यांच्या मध्ये ‘अ‍ॅड’ हवा होता, तो राहिला. तो शब्द नसला की स्विच आधीची सगळी यादी पुसतो आणि एकटा 30 ठेवतो. पहाटे तीनच्या सुमाराला त्या ट्रंकवरून जाणारं बाकी सगळं बंद पडलं.

ही चूक दहा वर्षं काम केलेल्यांकडूनही होते, त्यासाठी मी त्याला बोलले नाही. फरक पुढच्या पाच मिनिटांत पडतो. ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ टाकलं असतं तर परवानगी असलेल्या व्हीलॅनच्या यादीत फक्त 30 दिसला असता आणि कारण तिथेच सापडलं असतं. ती कमांड त्याने वाचली होती, तिचं उत्तर पडद्यावर कधी पाहिलं नव्हतं. तो केबल तपासत बसला. नंतर चहा घेताना त्यानेच सांगितलं, ‘मॅडम, मी फक्त डंप केला होता.’ त्याचे हात थरथरत होते. तो चेहरा मला अजून आठवतो, आणि हा लेख लिहायचं खरं कारण तेच आहे.

म्हणून पुस्तक निवडताना मी पहिल्यांदा हे बघते: प्रत्येक प्रकरणात हाताने करायचा सराव आहे का? कमांडबरोबर तिचं पडद्यावरचं उत्तर छापलंय का, आणि त्यातली कुठली ओळ का बघायची ते सांगितलंय का? काहीतरी मोडून ते दुरुस्त करायला लावलंय का? सिस्कोचं पॅकेट ट्रेसर नेटवर्किंग अकॅडमीचं खातं उघडलं की फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. वरची ‘अ‍ॅड’ची चूक त्यात मुद्दाम करून बघा. एकदा केलीत की जन्मभर विसरणार नाही.

‘सीनियरचं जुनं पुस्तक चालतं.’ इथे मेसेज अर्धा खरा आहे, त्यामुळे जास्त फसवतो. सबनेटिंगचं, म्हणजे नेटवर्कचे छोटे भाग पाडायचं गणित 1993 साली सीआयडीआर (वरची /24, /27 ची पद्धत) आलं तेव्हापासून तेच आहे. पण परीक्षा तीच नाही. 24 फेब्रुवारी 2020 पासून सीसीएनएची परीक्षा 200-301 या क्रमांकाची आहे. त्याआधीची 200-125. तिच्या पुस्तकांत ईआयजीआरपीवर, म्हणजे ओएसपीएफसारख्याच दुसऱ्या एका पद्धतीवर, प्रकरणंच्या प्रकरणं असतात. आजच्या अभ्यासक्रमात त्याचं कॉन्फिगरेशन नाही. उलट वायरलेस आणि ऑटोमेशनला आज जागा आहे, तेवढी जुन्या पुस्तकात सापडायची नाही.

आता एक बारीक गोष्ट, जी दुकानदारही सांगत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये अभ्यासक्रम पुन्हा थोडा बदलला, आवृत्ती 1.1 झाली, पण क्रमांक 200-301 तसाच राहिला. म्हणजे मुखपृष्ठावरचा नंबर बघून 2020 चं पुस्तक आणि आताचं पुस्तक वेगळं ओळखता येत नाही. शेवटची सूची उघडा आणि ‘टेराफॉर्म’ (ऑटोमेशनचं एक साधन) शोधा. 1.1 मध्ये पपेट आणि शेफ ही तसलीच साधनं गेली, टेराफॉर्म आलं. स्विचच्या जाळ्याची राखण करणारे रूट गार्ड, लूप गार्ड आले. नेटवर्कच्या कामातल्या एआयचा परिचय आला. टेराफॉर्म नसेल तर पुस्तक त्याआधीचं. ते टाकून द्यायची गरज नाही, एवढे विषय वेगळे वाचून भागतं. 2016 च्या पुस्तकावर मात्र पंचवीस हजारांची फी लावू नका.

(ए प्लस, म्हणजे कॉम्पटियाची कॉम्प्युटर सपोर्टची परीक्षा देणाऱ्यांनी तर आधी क्रमांकच तपासावा. 2025 मध्ये 220-1201 आणि 1202 आल्या आणि त्याच सप्टेंबरमध्ये 1101 आणि 1102 बंद झाल्या. त्यांची पुस्तकं अजून स्वस्तात विकायला आहेत.)

‘सगळ्यात जाड घ्या.’ पानांवरून काही ठरत नाही. सिस्कोच्या साइटवर परीक्षेच्या विषयांची यादी फुकट आहे आणि प्रत्येक विभागाचं वजनही दिलंय: आयपी कनेक्टिव्हिटी 25 टक्के, नेटवर्कची मूलतत्त्वं 20, नेटवर्क अ‍ॅक्सेस 20, सुरक्षा 15, आयपी सेवा 10, ऑटोमेशन 10. ती छापून घ्या आणि पुस्तकाच्या अनुक्रमणिकेशेजारी ठेवा. यादीतला शब्दही नीट वाचा: कुठे ‘वर्णन करा’ लिहिलंय, कुठे ‘कॉन्फिगर करून तपासा’. ओएसपीएफ कॉन्फिगर करायचा आहे, तर त्यावर दोन पानांची व्याख्या देणारं पुस्तक हजार पानांचं असलं तरी उपयोगाचं नाही.

‘पंधरा दिवस पुरे.’ नाहीत. शिफ्ट करून, ट्रान्स हार्बर लोकलची गर्दी सोसून शिकणाऱ्याला तर नाहीतच. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलांना चार ते सहा महिने लागले, रोज तास-दीड तास.

भावाकडे सीनियरने दिलेलं 2016 चंच पुस्तक निघालं. त्याला सांगितलं, फेकू नकोस. सबनेटिंग, व्हीलॅन, एसीएल (कुठलं पॅकेट जाऊ द्यायचं त्याचे नियम) आणि नॅटची (पत्ते बदलून देण्याची) प्रकरणं त्यातूनच कर, ईआयजीआरपीला पिन मार, आणि पुढच्या पगारात 1.1 चं पुस्तक घे. रविवारी तो पॅकेट ट्रेसर टाकलेला लॅपटॉप घेऊन येणार आहे. पहिला धडा ट्रंकचाच घेणार आहोत.