‘सावकारापेक्षा जास्त व्याज’ या अभिप्रायास पतसंस्थेचे उत्तर

आदरणीय सभासद,

एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय वाचला. कर्जासाठी आपल्याला खिडकीवर ताटकळावे लागले, याबद्दल संस्था दिलगीर आहे. मात्र ‘मोबाइल ॲप १२ टक्क्यांनी कर्ज देते आणि गरिबांची म्हणवणारी ही संस्था १८ टक्के उकळते, ही सावकारीच’ हे आपले वाक्य जिव्हारी लागले. ते वाचून इतर सभासदांचा विश्वास डळमळू नये, म्हणून खुलासा करणे भाग आहे.

आपणच जोडलेल्या छायाचित्रात त्या ॲपचा दर ‘फ्लॅट’ असल्याचे स्पष्ट दिसते. म्हणजे निम्मे मुद्दल फिटले तरी व्याज पहिल्या दिवशीच्या पूर्ण रकमेवरच लागत राहते. आमचे १८ टक्के घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडून उरलेल्या मुद्दलावरच आहेत. १२,००० चे कर्ज १२ मासिक हप्त्यांत फेडायचे असेल, तर तिकडे १,४४० व्याज भरावे लागते आणि आमच्याकडे सुमारे १,२०० च. प्रक्रिया शुल्क आधीच कापून घेतले की हाती कमी रक्कम पडते आणि व्याज मात्र पूर्ण रकमेवर द्यावे लागते, हे वेगळेच. आम्ही असे शुल्क घेत नाही. हा सारा हिशेब आपल्याला दिलेल्या हप्त्यांच्या तक्त्यात छापलेला होता. आपण तो न पाहताच घडी घालून पिशवीत ठेवलात, हे लिहिताना संकोच वाटतो, परंतु घडले ते असे.

दर याहून खाली का येत नाही, हेही सांगतो. कर्ज लहान असले म्हणून त्यामागचे काम लहान होत नाही. अर्जाची छाननी, नोंदी आणि हप्त्यांचा पाठपुरावा यांना मोठ्या कर्जाइतकाच वेळ लागतो. रुमालाची गाठ सोडून सुटी नाणी भरणाऱ्या सभासदाचे पैसे आमचे रोखपाल एकेक करून मोजतात, त्याच्या पासबुकात नोंद करतात आणि किमान शिल्लक नाही म्हणून त्याला दंड लावत नाहीत. हा खर्च शेवटी व्याजातूनच निघतो. कर्ज देण्याआधी केलेली घरखर्चाची चौकशी आपल्याला अपमानास्पद वाटली, पण १८६४ साली सहकारी पतसंस्थांचे एक आद्य प्रवर्तक राइफायझेन यांनी जर्मनीत हेडेसडॉर्फ येथे उभ्या केलेल्या पतसंस्थेतही कर्जाची जबाबदारी सभासदांनी मिळूनच उचलली होती. आमच्याकडेही बुडालेल्या कर्जाचा भार इतर सभासदांच्या ठेवींवरच येतो. ज्याला हप्ता झेपणार नाही त्याला कर्ज देणे म्हणजे मदत करणे, असे आम्ही मानत नाही.

खिडकीवरील गर्दीबाबत संचालक मंडळ योग्य तो विचार करील आणि व्याजाची तुलना दाखवणारा फलकही लवकरच लावला जाईल. ॲपचा तक्ता घेऊन आपण अवश्य यावे. मी स्वतः आपल्यासमोर बसून दोन्ही हिशेब मांडीन. त्यानंतरही आमचे कर्ज महाग वाटले, तर ते मुदतीआधी फेडण्यास कोणतेही शुल्क लागणार नाही.

आपला विश्वासू,
संस्थापक-संचालक