पत्रकाच्या तळाशी असलेली नावं

"आता पत्रकं कोण वाचतं? ग्रुपवर टाका की!" नाशिकच्या सातपूरमधल्या आमच्या संघटनेच्या मीटिंगमध्ये हल्ली हे हमखास ऐकू येतं. वाचणारे कमी झालेत, मान्य. पण पत्रक काय नुसतं वाचायला काढतात?

आधी मसुद्यावरून भांडण. मग वर्गणी. मग 'आपले नम्र'च्या खाली कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली, यावरून रुसवेफुगवे. (यावरून संघटना फुटायची वेळ येते, हसू नका.) आणि शेवटी पहिल्या पाळीला कंपनीच्या गेटवर उभं राहून वाटप. कोण घडी घालून खिशात टाकतो, कोण सुपरवायझरला बघून हात मागे घेतो, कोण म्हणतो, "अजून दहा द्या, लाईनीवर वाटतो." आपल्या मागे माणसं किती, ते त्या अर्ध्या तासात कळतं. व्हॉट्सॲपवरच्या निळ्या टिका मोजून कळत नाही.

नाव छापण्याची किंमत नाशिककरांना तरी सांगायला नको. १९०९ साली इथल्या बाबाराव सावरकरांना (विनायक सावरकरांचे थोरले भाऊ) जन्मठेप, काळं पाणी झालं, ते कवितांची एक छोटी पुस्तिका छापून प्रसिद्ध केल्याबद्दल. त्यांचं राजकारण मला पटत नाही, पण चार पानांना सरकार किती भितं ते त्यातून दिसतं. आणीबाणीत सेन्सॉरशिप आली तेव्हा सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं बिननावाचीच फिरली, आणि तेच शहाणपणाचं होतं. पण आज, उघडपणे बोलता येत असताना बेवारस फॉरवर्ड कशाला? निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता टाकणं कायद्यानंच सक्तीचं आहे, आपण आपल्या मागण्यांखाली सही करायला लाजतो.

गंमत बघा, नाशिकरोडला नोटा छापतात, त्यातल्या एकेका कागदाचा हिशेब असतो. आपल्या कागदांचा कुणालाच पत्ता नाही. मार्च २०१८ चा शेतकऱ्यांचा लाँग मार्च इथूनच मुंबईला निघाला. रक्ताळलेल्या पायांचे फोटो सगळ्यांच्या फोनमध्ये आहेत. त्याआधीच्या गावसभांचा एखादा कागद कुणी जपलाय का?

माळ्यावर, पावतीपुस्तकांच्या गठ्ठ्यात जुनं पत्रक सापडलं तर रद्दीत घालू नका. मागच्या बाजूला पेन्सिलीनं साल तेवढं लिहून ठेवा. पत्रकावर 'येत्या रविवारी सकाळी १० वाजता' असतं, साल टाकायचं आपण नेहमी विसरतो.